चिमट्याचं माप

४ जानेवारी

खिळ्या,

वर ‘प्रिय’ लिहिणार होतो, पण तेवढं वाचूनच तू पत्र टराटरा फाडलं असतंस. म्हणून नुसतं खिळ्या. तुझ्या बहिणीचा, धाकटीचा नवरा म्हणून हे लिहीत नाहीये. कारखान्याच्या संघात तुझ्याबरोबर सायकल मारणारा बगळ्या म्हणून लिहितोय, तेव्हा शिव्याही त्याच नात्याने दे.

नोव्हेंबरात मला हृदयाचा झटका आला, हे धाकटीने तुला कळवलंच असेल. जिन्यात आला. भाजीची पिशवी घेऊन दुसरा मजला चढत होतो आणि छातीवर कुणीतरी घण घातला. पस्तीस वर्षं लेथवर काढली, बोटाचं एक पेर त्या मशीनला दिलं, पण असा मार कधी खाल्ला नव्हता. अकरा पायऱ्या डोक्याने मोजत खाली आलो. शुद्धीवर आलो तेव्हा समोर माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टरीण. म्हणाली, “काका, चालायला गेलात तर तुमचे गुडघे जातील आणि बसून राहिलात तर तुम्हीच जाल. सायकल येते का?” मी हसलो, तर कपाळावरचे टाके ताणले गेले.

तर आता बासष्टाव्या वर्षी पुन्हा सायकल. इथल्या दुकानात बघून आलो. काळी, हलकी, टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखी वाजणारी. मला लोखंडाची पाहिजे, हाताने बांधलेली, आणि तशी बांधणारा मला एकच माणूस माहीत आहे.

अडतीस वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. फोनवर दोनदा बोललो आणि दोन्ही वेळा तू फोन भिंतीवर आपटलास, असं धाकटी सांगते. तरी मागतोय. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण लिही.

बगळ्या

१७ जानेवारी

बगळ्या,

फोन तीनदा आपटला. तिसऱ्या वेळी लाईनवर तू नव्हतास, नुसता तुझा विषय निघाला होता.

तू जिन्यातच गेला असतास तर मला वाईट वाटलं असतं का, याचा दोन दिवस विचार केला. धाकटीसाठी वाटलं असतं. तुझ्यासाठी नाही. पुढे गैरसमज नको म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सायकल बांधतो. दुकान अजून चालतंय, मीही चालतोय. गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक ब्रेक लागत नाही म्हणून बाजूने अंगावर आलं. मी पान्याने त्याचं मनगट फोडलं. शेजारच्या शिंप्याने आम्हाला सोडवलं, नाहीतर पुढचा नंबर डोक्याचा होता. उजवा डोळा नसला की उजवीकडून येणारा माणूस दिसत नाही, म्हणून मी आधीच मारून मोकळा होतो. ही सवय कुणामुळे लागली ते तुला माहीत आहे.

मापं पाठव. जांघेपासून जमिनीपर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत. वजन खरं लिही. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा मी वजनावर ठरवतो.

आता माझी अट. शेवटची शर्यत आठव. आपल्या दोघांत जो आधी पोचेल त्याला मशीन शॉपमध्ये कायमची नोकरी, असं साहेबांनी सांगितलं होतं. बाजाराचा उतार. तू पुढे, मी तुझ्या चाकाला चिकटून. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. म्हणून खड्डा आला, दगड आला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचा. मागचा वैरी असला तरी दाखवायचा. एवढा एकच कायदा आपल्या खेळात कुणी लिहून ठेवला नव्हता आणि सगळे पाळत होते.

गटाराच्या जाळीची एक पट्टी तुटलेली होती. तू सायकल बाजूने काढलीस. माझं चाक आत गेलं. सात दात, जबडा, खांदा, आणि ब्रेकची कांडी डोळ्यात. नोकरी तुला मिळाली. दोन वर्षांनी बहीणही तुलाच दिली, कारण तिने तुझ्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं.

तू म्हणालास, जाळी दिसली नाही. मला एकदा खरं उत्तर पाहिजे. दिसली होती का? सायकल मिळाली की लिही. उत्तर दिल्याशिवाय ती उतारावर घालायची नाही. सपाटीवर हवं तेवढं फिर.

खिळ्या

२३ फेब्रुवारी

खिळ्या,

सायकल पोचली. खोकं उघडल्यावर धाकटी म्हणाली, “दादाने रंग मात्र झकास दिलाय!” आपल्या संघाचा निळा. मी उगाच खोक्याचे पुठ्ठे गोळा करत बसलो.

आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळी खोलली. एकेक भाग पुसला, मोजला, परत बसवला. रागावू नकोस. दुसऱ्याने दिलेला माल मोजल्याशिवाय मशीनला लावायचा नाही, ही खोड आता जायची नाही. तुझं काम पाहिलं. हात अजून तसाच आहे तुझा. कानस कुठेही घसरलेली नाही.

पहिल्या दिवशी दोन किलोमीटरात जीव तोंडाशी आला. बसायची जागा अशी सोलवटली की दोन दिवस उभ्याने जेवलो. आता रोज सकाळी बावीस किलोमीटर होतात. डॉक्टरीण माझ्या छातीच्या तपासणीचा कागद बघून म्हणाली, “काका, हे तुमचंच आहे ना?” मांड्यांना पुन्हा आकार येतोय. आरशात बघतो आणि धाकटी हसते.

पण परवा एक भानगड झाली. तुला आवडेल म्हणून सांगतो. कालव्याच्या रस्त्याला पार्सलवाल्याची व्हॅन मागून आली. ड्रायव्हरने खिडकीतून हात काढला आणि माझ्या पाठीत दणका दिला. “म्हाताऱ्या, घरी जाऊन मर!” मी कठड्यावर. कोपराचं कातडं लोंबत होतं. पुढे सिग्नल लाल होता. मी उठलो, बसलो, आणि त्याला गाठलं. खिडकीतून कॉलर धरून तोंड बाहेर ओढलं आणि सायकलच्या पंपाने हाणलं. पहिल्या फटक्याला नाक गेलं, तो आवाज मला कळला. तरी थांबलो नाही. पाचव्या-सहाव्याला पंपाचा दांडा वाकला म्हणून थांबलो. तो सव्वीस वर्षांचा आहे. रक्त गिळत म्हणत होता, “काका, बस. काका, बस.” हात आपोआप उठत होता रे, मी नुसता बघत होतो.

चौकीत धाकटी आली. आधी माझ्या जिभेखाली गोळी ठेवली, मग सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. ड्रायव्हरची पट्टीही तिनेच नीट केली. त्याने तक्रार केली नाही, आधी हात आपणच घातला होता म्हणाला.

तुझी अट लक्षात आहे. जाळी दिसली नव्हती. ऊन डोळ्यावर होतं. किती वेळा सांगू?

बगळ्या

५ मार्च

बगळ्या,

सकाळचे नऊ वाजले होते आणि आपली तोंडं पश्चिमेला होती. ऊन पाठीवर होतं. खोटं बोलायचं तर निदान दिशा तरी बघून बोल, गाढवा.

पार्सलवाल्याचं वाचलं. दोनदा वाचलं. एका पोराचं नाक फोडायला तुझा हात आपोआप उठतो. त्या दिवशी नुसता खाली करायचा होता.

तुला वाटतं मी संशयावर जगतोय. मी पाहिलंय. तुझा उजवा हात हँडलवरून सुटला होता. वीतभर खाली आला. मग परत वर गेला आणि तू हँडल धरलंस. माझ्या उजव्या डोळ्याने पाहिलेली ती शेवटची गोष्ट. त्याच्यानंतर त्या डोळ्याला काही नाही. तुझा हात परत जातोय, एवढंच अडतीस वर्षं तिथे चाललंय. इस्पितळात तू बिछान्याशी बसून रडलास तेव्हा तुझा गळा दाबायला माझा एकच हात मोकळा होता, आणि त्यात सुई होती.

मी कुणाला बोललो नाही. धाकटीला तर नाहीच. ती तुझ्यावर जीव टाकत होती आणि मला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिला कळलं असतं तर मी तुझ्याबरोबर तीही घालवली असती.

मला माहीत आहे ते तुझ्या तोंडून पाहिजे. बास. तुझ्या गावाच्या मागे टेकडी आहे, धाकटी म्हणत होती. तिथे गेलायस का? गेला नसशील तर जाऊ नकोस. चढायची हौस असेल तर चढ आणि उतरताना सायकल हातात धरून चालत उतर. हे मी दुसऱ्यांदा सांगतोय. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

खिळ्या

२८ मार्च

खिळ्या,

तीन आठवडे कागद घेऊन बसतो आणि फाडतो. आज धाकटी तिच्या मैत्रिणीकडे गेली आहे. ती यायच्या आत लिहून पाकीट बंद करायचं ठरवलंय.

मला जाळी दिसली होती.

चांगली वीस-पंचवीस पावलं आधी दिसली. तुटलेली पट्टी दिसली, तिच्यात अडकलेला कागदही दिसला. हात सुटला तो सवयीने सुटला. आणि मग मनात आलं की खिळ्या पाय राखून आलाय, शेवटच्या चढाला हा मला खाणार. नोकरी ह्याची. मी परत बापाच्या टपरीवर. एवढा विचार करायला लागतो किती वेळ? हात परत ठेवला. तुझ्या हाडांचा आवाज मला ऐकू आला. मी मागे वळून बघितलं नाही. शर्यत संपवून मग आलो. हे तू तरी कुठे विचारलंस? मीच सांगतो. आधी फीत तोडली, मग आलो.

मला वाटलं होतं, खरचटेल. पडशील, उठशील, शिव्या देशील. डोळा जाईल असं वाटलं नव्हतं. पण दिसली होती. दिसली होती, दिसली होती. घे, तीनदा लिहिलं.

धाकटीशी लग्न मी अपराधापोटी केलं असं तुला वाटत असेल तर तेवढं चूक आहे. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिने मला विचारलं, “तुम्ही जेवलात का?” मला त्या दिवशी कुणी काही विचारायला नको होतं. तिने ते विचारलं. तिथेच मी संपलो. तिला मी हे कधी सांगितलं नाही. सांगायचं धाडस नाही, आणि ती निघून गेली तर मला कसला व्यायाम आणि कसलं काय.

तुझी अट मी पूर्ण केली. रविवारी, सहा तारखेला सकाळी, टेकडीवर जाणार. वर चढेन आणि सीटवर बसूनच उतरेन. पत्राला इथून तिथे तीन-चार दिवस लागतात. तू लगेच लिहिलंस तर शनिवारपर्यंत तुझं काहीतरी येईल. जे लिहिशील तसं करीन. काही आलं नाही तर तेही मला समजेल.

बगळ्या

५ एप्रिल

बगळ्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आज शनिवार. चार दिवस खिशात घेऊन फिरलो. दुकानात बसलो की काढून वाचायचो आणि मला बरं वाटायचं. रविवार येऊ दे, रविवारी हा उतरणार, असं म्हणत होतो. हरामखोर मी आहे. लिहून ठेव.

सायकलवर बसू नकोस. चिमट्याची नळी आत जिथे फ्रेममध्ये शिरते, तिथे मी ती कापलीय. पाऊण कापलीय. कानशीने, तीन संध्याकाळ बसून, बाहेरून दिसणार नाही अशी. वर नवं ग्रीस भरलं. सपाटीवर टिकेल. उतारावर जोरात ब्रेक दाबलास की तुटेल आणि तू तोंडावर जाशील, मी गेलो तसा. तुझ्या वजनाला धरून कापलीय. म्हणून वजन खरं मागितलं होतं.

धाकटीचा विचार केला नाही असं नाही. केला, आणि तरी कापत राहिलो. तू खरं बोललास तर थांबवायचं, नाही बोललास तर होऊ द्यायचं, असं मनाशी ठरवलं होतं. तू बोललास. आणि बोलल्यावर मला तू आणखी मेलेला पाहिजे झालास. फीत तोडून मग आलो म्हणे!

आज सकाळी दुकान उघडलं आणि कामाला बसलो. साधा नट लागेना. ‘मागचा वैरी असला तरी दाखवायचा’ हे मीच तुला लिहिलं होतं, ते आठवलं.

हे पत्र उद्याच्या आत पोचणार नाही, हे मला कळतं. फोन करायला पाहिजे. तीनदा नंबर फिरवला आणि ठेवला. तुझा आवाज आला तर पुन्हा डोकं फिरेल आणि गप्पच बसेन, अशी भीती वाटते. सकाळी करतो. नक्की करतो. तू उशिरा उठ, बगळ्या. एक दिवस उशिरा उठ.

खिळ्या

१९ एप्रिल

दादा,

सहा तारखेला आठ वाजता तू फोन केलास. मी म्हटलं, “हे टेकडीवर गेलेत.” तू लगेच फोन ठेवलास. मला वाटलं, नेहमीसारखा आपटलास. मी हसलेसुद्धा. त्यानंतर किती वेळा फोन आलेत ते मला माहीत आहे. मीच उचलत नव्हते.

जिवंत आहेत. दुसऱ्या वळणावर चिमटा तुटला. दूधवाला खालून वर येत होता, त्याने पाहिलं. म्हणाला, पुढचं चाक वेगळंच पळालं आणि माणूस रस्त्यावर तोंडाने घासत आला. जबडा दोन ठिकाणी, गळ्याचं हाड, नऊ दात. खालचा ओठ शिवून काढलाय. छाती मात्र धडधाकट, डॉक्टरीण म्हणते सायकलने काम केलं होतं. डोळे दोन्ही शाबूत आहेत. हे तुला मुद्दाम लिहिते.

तुझं पत्र मंगळवारी आलं. यांच्या नावाचं होतं, पण हे इस्पितळात, म्हणून मी फोडलं. मग यांचा खण उपसला. तुझी बाकीची पत्रं मिळाली, आणि यांनी लिहून फाडलेल्यांतला एक अर्धा कागदही. मला सगळं कळलं. नवऱ्याने भावाचा डोळा घालवला आणि भावाने नवऱ्याचा गळा कापायला घेतला, आणि मी अडतीस वर्षं दोघांना एकमेकांची खुशाली कळवतेय! मला एकानेही विचारलं नाही. मी काय तुमच्यामधली तार होते का?

त्याच संध्याकाळी मी सायकलचा उरलेला सांगाडा अंगणात ओढला आणि हातोडीने ठेचला. तासभर ठेचत होते. शेजारीपाजारी जमले. माझं तोंड बघून कुणी जवळ आलं नाही. चिमट्याचे दोन तुकडे तेवढे ठेवलेत. तुझ्या हातात द्यायचेत.

पण हे लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ती आठवली तेव्हापासून मला झोप नाही.

सायकल आली त्या दिवशी यांनी ती टेबलावर खोलली होती. मी दूध तापवत होते. चिमटा काढला, ग्रीस पुसलं, खिडकीच्या उजेडात धरला. नळीवरून नख फिरवलं. मग ते मोजायचं हत्यार आणलं, जे कारखान्यातून निघताना आणलंय, आणि त्याच जागी लावलं. पुन्हा लावलं. मग चिमटा मांडीवर घेऊन बसून राहिले. एवढा वेळ बसले की माझं यांच्याकडे बघता बघता दूध उतू गेलं. मी विचारलं, “काय हो, नीट नाहीये का?” तर म्हणाले, “तुझ्या दादाचं काम आहे. माप अगदी बरोबर आहे.” आणि ग्रीस भरून होता तसा परत बसवला.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दादा. त्या चिमट्यावर ते दीड महिना रोज बावीस किलोमीटर जात होते. रविवारी निघताना दारात विचारलं, “टपाल आलं का गं?” मी म्हटलं, “रविवारी कसलं टपाल? डोकं ठिकाणावर आहे का?” ते म्हणाले, “बरं.” बूट बांधले आणि गेले.

जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. पाटीवर लिहितात. काल मी तुझं पत्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पूर्ण वाचलं. मग लिहिलं, ‘त्याला कळव. त्याने हात दाखवला होता, दोनदा. मला दिसला होता.’ मला ती पाटी त्यांच्याच डोक्यात घालावीशी वाटली. घातली नाही, कारण डोक्याला आधीच पट्टी आहे.

आता मी सांगते ते कर. दुकानाला कुलूप लाव आणि ये. त्यांना दिवसातून सहा वेळा नळीने पातळ भरवावं लागतं, ओठाच्या कोपऱ्यातून, थेंबाथेंबाने. एका वेळेला अर्धा तास जातो. घाई केली की ठसका लागतो, आणि जबडा बांधलेल्या माणसाला ठसका लागला तर तो मरू शकतो, म्हणून तारा तोडायला कात्री उशाशी ठेवायला सांगितलीय. दोन आठवडे होत आले, माझे हात भरून आलेत. आता तू भरव. दुसरं कुणी नाही, तूच. कात्री तुझ्या हाताशी राहील. मी बाहेर व्हरांड्यात बसेन, आत बघायला येणार नाही.

येताना जेवून ये. मी विचारणार नाहीये.

धाकटी